बारा महिने, सात वार आणि आपला कॉपीराइट: मराठी मुक्त सॉफ्टवेअरच्या मेंटेनर मंडळींना खुले पत्र

मराठी मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्प सांभाळणाऱ्या सर्व मित्रमैत्रिणींना,

सप्रेम नमस्कार.

आपल्यात सध्या एका यादीवरून जुंपली आहे. यादी स्टॉपवर्ड्सची. 'आणि', 'व', 'पण', 'की', 'तर', 'आहे', 'होता', 'हा', 'ही', 'हे' असे शंभरेक शब्द. शोध घेताना यंत्राने ते सोडून द्यावेत म्हणून एका साध्या टेक्स्ट फाइलीत एकाखाली एक लिहिलेले. ही फाइल एका प्रकल्पातून दुसऱ्यात गेली. पहिला प्रकल्प जीपीएलखाली, म्हणजे ज्यातून घेतलेलं पुढेही त्याच अटींवर मुक्त ठेवावं लागतं अशा परवान्याखाली. दुसरा, एक कीबोर्ड, जवळजवळ बिनअटीच्या एमआयटी परवान्याखाली. पहिल्याकडून निरोप आला: यादी आमची आहे, ती वापरायची तर तुमचा अख्खा कीबोर्ड जीपीएलखाली आणा, नाहीतर पुढची पावलं उचलू. दुसऱ्याने घाबरून यादी काढली, आणि तेच शब्द स्वतःच्या डोक्यातून पुन्हा लिहून काढले. चार-दोन शब्द इकडेतिकडे सोडले तर यादी तीच झाली. दुसरी काय होणार होती?

प्रकल्पांची नावं घेत नाही. दोन्हीकडची माणसं कामसू आहेत, आणि हा घोळ त्यांच्यापुरता नाही. आपल्या बहुतेक रिपॉझिटऱ्यांमध्ये, म्हणजे प्रकल्पांच्या फाइली ठेवायच्या जागांमध्ये, अशा फाइली पडलेल्या आहेत. महिन्यांची नावं, तालुक्यांच्या याद्या, पिनकोड, आडनावं, रोमनमधून देवनागरीत आणायचे तक्ते. आणि प्रत्येकीच्या माथ्यावर कोडच्या फाइलीवर असते तीच वीस ओळींची परवान्याची पाटी, 'सर्व हक्क अमुक यांचे' अशा पहिल्या ओळीसकट. कुणीतरी एकदा स्क्रिप्ट चालवून सगळीकडे ती चिकटवलेली असते. फाइलीत काय आहे हे त्या वेळी कुणी पाहत नाही.

मी वकील नाही. लिनक्सवर सॉफ्टवेअर बसवता यावं म्हणून त्याची पॅकेजं बांधताना कोणती फाइल कोणत्या परवान्याखाली आहे हे तपासण्याचं कंटाळवाणं काम बरीच वर्षं केलं आहे, त्या अनुभवावर हे लिहितो आहे. म्हणणं एवढंच: ज्या फाइलीत कुणाची सर्जकता नाही, निव्वळ माहिती आहे, तिच्यावर कॉपीराइट सांगू नका. आणि सांगत नाही हे त्या फाइलीतच स्पष्ट लिहा.

हे कॉपीलेफ्टच्या, म्हणजे जीपीएलसारख्या 'पुढेही मुक्तच ठेवा' या अटीच्या, विरोधातलं बोलणं वाटेल. म्हणून आधी कॉपीलेफ्टच्या माहेरीच जाऊ. लिनक्सच्या बहुतेक वितरणांच्या पोटात ग्नू सी लायब्ररी, म्हणजे जीलिबसी असते. तिच्यात जगभरच्या भाषांच्या लोकेल फाइली आहेत आणि त्यांत भारतातल्या मराठीसाठी एमआर-आयएन नावाची फाइलही आहे. जानेवारी ते डिसेंबर, रविवार ते शनिवार, त्यांची छोटी रूपं, रुपयाचं चिन्ह, रकमेत लाख-कोटींच्या हिशोबाने स्वल्पविराम कुठे पडतात, तारीख कोणत्या क्रमाने लिहायची, 'होय' आणि 'नाही' साठी कोणतं उत्तर चालेल, असा सगळा ऐवज. लायब्ररी एलजीपीएल या जीपीएलच्या सौम्य भावंडाखाली. पण या लोकेल फाइलींच्या सुरुवातीला एक वेगळीच टीप असते. तिचा आशय असा: या फाइलीतल्या लोकेल माहितीवर जीपीएल लिहिणारी फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन ही संस्था कोणताही कॉपीराइट हक्क सांगत नाही, याने संपूर्ण लायब्ररीच्या परवान्याला बाधा येत नाही, आणि तुमचा वापर एरवीही त्या परवान्याखाली येत असेल, तर त्याच्या अटींतून तुम्हाला सूटही मिळत नाही.

ही टीप मला फार आवडते. तीन वाक्यांत सगळं येतं. जे आमचं नाही ते आमचं म्हणत नाही, जे आमचं आहे ते सोडतही नाही, आणि पहिल्याचा आधार घेऊन दुसरं कुणी पळवू नये. जीपीएलसाठी चाळीसेक वर्षं झगडणारी संस्था 'सोमवार, मंगळवार' वर हक्क सांगायला लाजते. मग आपल्याला कसली घाई आहे?

दुसरं उदाहरण पीसीआय आयडींच्या फाइलीचं. संगणकात बसवलेलं कार्ड कोणत्या कंपनीचं आणि कोणत्या मॉडेलचं, हे सांगणारी हजारो आकड्यांची ही यादी. लिनक्सवर हार्डवेअर दाखवणारी हत्यारं तीच वापरतात. ती जीपीएल किंवा एमआयटीसारखाच सैल तीन कलमी बीएसडी, यांपैकी हवा त्या परवान्याखाली घेता येते. शिवाय तिच्या माथ्यावर लिहिलं आहे की हा वस्तुस्थितीचा संग्रह आहे आणि म्हणून कॉपीराइट फक्त संकलनापुरता आणि मांडणीपुरता आहे. हक्क सांगितला आहे, पण त्याची हद्द स्वतःच आखून दिली आहे. जीलिबसीची वाट नको असेल त्यांच्यासाठी ही दुसरी सभ्य वाट.

आता कायद्याकडे. जीपीएलची सगळी ताकद कॉपीराइटमधून येते. प्रत काढायला कायद्याने परवानगी लागते, ती परवानगी जीपीएल अटींवर देते. परवानगीच लागत नसेल तर अटी टांगायला खुंटीच उरत नाही. जीपीएलच्या २००७ च्या तिसऱ्या आवृत्तीत व्याख्यांच्या कलमातच 'प्रोग्रॅम' म्हणजे या परवान्याखाली दिलेली, कॉपीराइट होऊ शकणारी कृती, असं म्हटलं आहे. म्हणजे फाइलीवर जीपीएलची पाटी लावल्याने तिच्यावर कॉपीराइट निर्माण होत नाही. तो आधी असावा लागतो.

तो कधी असतो? अमेरिकेत याचा निकाल १९९१ साली लागला. कॅन्ससमधली रूरल ही टेलिफोन कंपनी आपल्या ग्राहकांची डिरेक्टरी छापत असे. फाइस्ट नावाच्या प्रकाशकाने मोठ्या भागाची डिरेक्टरी काढताना तिच्यातल्या नोंदी उचलल्या. १,३०९ नोंदी जशाच्या तशा सापडल्या. त्यांत चार बनावट होत्या, चोरी पकडता यावी म्हणून रूरलने मुद्दाम पेरलेल्या. उचलेगिरी सिद्धच होती. तरीही सर्वोच्च न्यायालयाने फाइस्टच्या बाजूने कौल दिला. नाव, गाव आणि फोन नंबर अकारविल्हे लावण्यात कसलीही सर्जकता नाही आणि नुसता घाम गाळल्याने कॉपीराइट मिळत नाही, हे न्यायमूर्ती सँड्रा डे ओकॉनर यांनी लिहिलं.

(जाता जाता: शब्दयादीत बनावट शब्द पेरून ठेवावा असा सल्ला आपल्यातही अधूनमधून दिला जातो. कृपया नको. स्पेलचेकरच्या यादीत बनावट शब्द म्हणजे कुणाची तरी खरी चूक लाल रेघेशिवाय सुटणार.)

'ती अमेरिका झाली, आपल्याकडे डेटाबेसला कॉपीराइट आहे', असं उत्तर मला नेहमी मिळतं. अर्धं बरोबर आहे. आपल्या १९५७ च्या कायद्यात 'साहित्यकृती'च्या व्याख्येत संगणक प्रोग्रॅम, तक्ते आणि संगणकीय डेटाबेससह सर्व संकलनं येतात. पण कलम १३ म्हणतं की कृती मूळची, म्हणजे कर्त्याची स्वतःची हवी. तेव्हा प्रश्न असा की किती स्वतःची?

इथे आपल्या न्यायालयांनी वळण घेतलं आहे, ते लक्षात घेतलं पाहिजे. १९५५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयापुढे इंग्रजी-तमिळ शब्दकोशाचा खटला आला होता. एकाने दुसऱ्याचा कोश शब्दामागून शब्द, अर्थांसकट, क्रमासकट आणि चुकांसकट उतरवला होता. न्यायालयाने म्हटलं की कोशासारख्या कामात मूळपणाला वाव थोडा असतो, पण थोडा असला तरी त्याला संरक्षण आहे. १९९५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने घरपोच खरेदीच्या एका कंपनीच्या ग्राहकयादीला कॉपीराइट मान्य केला. आधार मुख्यतः वेळ, पैसा आणि श्रम यांचा. आपली मंडळी नेमका हाच निकाल पुढे करतात. पण १२ डिसेंबर २००७ ला ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नुसत्या श्रमाची कसोटी बाजूला ठेवली. अमेरिकेइतकी वरची पायरीही नाकारली, आणि कॅनडाच्या धर्तीवर मधली वाट घेतली: कौशल्य आणि विवेक हवा, आणि त्यात सर्जकतेचा किमान अंश हवा.

तो निकाल आपल्या कामासाठी फारच नेमका आहे, कारण वाद विरामचिन्हांपर्यंत गेला होता. प्रकाशकाने न्यायालयीन निकालांच्या मजकुरात राहून गेलेले शब्द भरले होते, विरामचिन्हं सुधारली होती, संदर्भ जोडले होते. यात सर्जकतेचा किमान अंशही नाही असं ठरलं. परिच्छेदांना क्रमांक देणं, एका परिच्छेदातून दुसऱ्याकडे बोट दाखवणं, कोणत्या न्यायमूर्तींनी सहमती दिली आणि कुणी वेगळं मत मांडलं ते दाखवणं, याला मात्र संरक्षण मिळालं, कारण त्यासाठी कायद्याची जाण आणि विवेक लागतो. यादीतल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका दुरुस्त केल्या म्हणून यादी आपली झाली, असं ज्यांना वाटतं त्यांनी हा निकाल एकदा वाचावा. आणि धमकीचे निरोप पाठवणाऱ्यांनी त्याच कायद्याचं कलम ६० वाचावं. कॉपीराइट भंगाची निराधार धमकी ज्याला मिळते तो स्वतःच न्यायालयात जाऊन ती थांबवू शकतो.

तर बारा महिने कुणाचे नाहीत, स्टॉपवर्ड्स कुणाचे नाहीत, पिनकोड तर नाहीतच. इथपर्यंत सोपं आहे. अवघड मामला स्पेलचेकरचा.

हनस्पेल हा मुक्त स्पेलचेकर हंगेरियनसारख्या प्रत्ययांनी लगडलेल्या भाषेसाठी जन्मला, म्हणून तो मराठीलाही बरा बसतो. त्याच्या दोन फाइली असतात. एकीत शब्द, आणि प्रत्येक शब्दापुढे तो कोणत्या गटातला याची खूण. दुसरीत त्या गटांचे नियम. 'शाळा' चं सामान्यरूप 'शाळे', मग शाळेत, शाळेला, शाळेपर्यंत. 'पाणी' चं 'पाण्या', 'भाऊ' चं 'भावा', 'भिंत' चं 'भिंती'. 'विहीर' प्रत्यय लागताच 'विहिरीत' अशी ऱ्हस्व होते, हा मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या लेखननियमांचा भाग आहे. यात मालकी कुठे सुरू होते?

शब्द कुणाचे नाहीत. 'विहिरीत' मधला ऱ्हस्व 'हि' ही मराठीबद्दलची वस्तुस्थिती आहे, त्यावरही कुणाचा हक्क नाही. पण मराठीची नामं किती गटांत वाटायची, 'शाळेतल्यांसाठीच' सारखी प्रत्ययांची उतरंड किती पायऱ्यांपर्यंत मान्य करायची, 'करोनि' सारखी जुनी रूपं ठेवायची की गाळायची, बोलीतला कोणता शब्द आत घ्यायचा, हे निर्णय आहेत. दोन जाणकार माणसं बसली तर दोन वेगळ्या फाइली होतील, आणि दोन्ही बरोबर असतील. हे कौशल्य आहे, विवेक आहे. त्याखेरीज नियमांची फाइल ही जवळजवळ प्रोग्रॅमच असते. तिच्यावर ज्यांनी रात्री घालवल्या आहेत त्यांनी खुशाल जीपीएल लावावं, मी पहिला पाठीशी उभा राहीन. शब्दांपुढच्या खुणा मध्यावर येतात. माझं मत विचाराल तर त्या नियमांच्या फाइलीबरोबर जातात, कारण गटांची आखणी तुमची असेल तरच त्या खुणेला अर्थ आहे. खुणा पुसल्यावर उरणारे नुसते शब्द मात्र सोडून द्या.

हीच रेघ बाकी ठिकाणीही ओढता येते. ज्या फाइलीच्या बाबतीत दोन प्रामाणिक माणसांना वेगवेगळं उत्तर येणं शक्यच नाही, तिथे हक्क नाही. ही कसोटी माझी, न्यायालयाची नव्हे. पण रोजच्या कामाला पुरते.

यावर 'एवढा काथ्याकूट कशाला, चुकून एखाद्या यादीवर पाटी राहिली तर बिघडलं काय?' असं म्हणणाऱ्यांना २०११ सालची एक गोष्ट सांगतो. कुठल्या ठिकाणी कोणत्या काळात घड्याळ किती पुढे-मागे होतं, याची टीझेड नावाची माहिती अँड्रॉइड फोनपासून सर्व्हरपर्यंत अगणित यंत्रं वापरतात. आर्थर डेव्हिड ओल्सन आणि पॉल एगर्ट ही त्यामागची ठळक नावं. २००९ पासून त्या फाइलींवर 'ही फाइल सार्वजनिक मालकीची आहे' असं स्पष्ट लिहिलेलं होतं. तरी ३० सप्टेंबर २०११ ला ॲस्ट्रोलेब या कंपनीने मॅसॅच्युसेट्समध्ये दोघांवर खटला भरला. ही कंपनी ज्योतिषाची सॉफ्टवेअरं विकते. जुन्या वेळांची माहिती आम्ही हक्क घेतलेल्या ॲटलसमधून उचलली आहे, असा तिचा दावा होता. आठवड्याच्या आत ओल्सन यांनी सर्व्हर बंद केला. साऱ्या जगाच्या घड्याळांची माहिती जिथून येत होती ती जागाच गेली. इंटरनेटवरची नावं आणि क्रमांक सांभाळणाऱ्या आयकॅन संस्थेने ऑक्टोबरच्या मध्यावर ते काम अंगावर घेतलं म्हणून निभावलं. डिजिटल हक्कांसाठी लढणाऱ्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने दोघांची बाजू घेतली. फेब्रुवारी २०१२ मध्ये कंपनीने खटला मागे घेतला, ऐतिहासिक तथ्यं कुणाच्या मालकीची नसतात हे मान्य केलं आणि स्वयंसेवकांना झालेल्या त्रासाबद्दल खेद व्यक्त केला.

ज्योतिषाची कंपनी यात कशी, असं मराठी माणूस तरी विचारणार नाही. पत्रिका मांडायची तर जन्मवेळ कोणत्या घड्याळाची हे कळावंच लागतं, आणि मुंबईचं घड्याळ म्हणजे एक प्रकरणच होतं. १९०६ पासून भारताची प्रमाणवेळ ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे ठरली, पण मुंबई महापालिका आपली चार तास एक्कावन्न मिनिटांची वेळ १९५५ पर्यंत धरून बसली. एकाच शहरात एकोणचाळीस मिनिटांचं अंतर. त्यात दुसऱ्या महायुद्धात १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत देशाची घड्याळं आणखी एक तास पुढे. आपल्याकडचे जुने पत्रिकावाले त्या वर्षांतल्या जन्मवेळेला आजही तास वजा करतात. टीझेडमध्ये हा युद्धकाळाचा तास नोंदलेला आहे. १९५५ पर्यंतच्या मुंबई वेळेसाठी मात्र वेगळा विभाग नाही, कारण १९७० नंतर ज्यांची घड्याळं जुळतात त्यांना एकाच विभागात घालायचं असा त्यांचा नियम आहे. म्हणून डोंबिवलीत बसून लिनक्सच्या सेटिंगमध्ये 'एशिया/कोलकाता' दिसतं.

आता हे पाहा. १९४२ चा तास ही वस्तुस्थिती आहे. १९७० ची रेघ हा निर्णय आहे, आणि विभागाला मुंबईऐवजी कोलकात्याचं नाव देणं हाही निर्णय आहे. टीझेडवाल्यांना वाटलं असतं तर त्या निवडीवर त्यांनी हक्क सांगितला असता, आणि काही देशांत तो टिकलाही असता. त्यांनी तोही सोडला. खटला आला तेव्हा त्यांचं आणि आपलं सगळ्यांचं बळ एकाच गोष्टीत होतं: तथ्यांवर मालकी नसते, हे तत्त्व. आपण आज स्टॉपवर्ड्सच्या यादीवर मालकी सांगणार असू, तर उद्या एखाद्या कोशाची किंवा पंचांगाची कंपनी आपल्या स्पेलचेकरवर चालून येईल तेव्हा कोणत्या तोंडाने तेच तत्त्व सांगणार?

मला माहीत आहे, खरा राग वेगळा आहे. आपण फुकट खपून याद्या करायच्या आणि मोठ्या कंपन्यांनी त्या उचलून आपल्या बंद कीबोर्डात, बंद मॉडेलात घालायच्या. आयत्या बिळावर नागोबा. जीपीएलची पाटी लावली की निदान विचार तरी करतील, असा हिशोब असतो. राग रास्त आहे, उपाय लागू पडत नाही. ज्यांच्या पदरी वकिलांची फौज आहे ते फाइस्ट आणि मोडक वाचून बसलेले आहेत, ते पाटीला भिणार नाहीत. भितात ते कॉलेजातली पोरं, एकट्याने ॲप करणारी एखादी शिक्षिका, नाशिक-कोल्हापुरातला छोटा प्रकाशक. गायरान वाचवायचं म्हणून त्याचा सातबारा आपल्या नावावर करून घ्यायचा, असा हा प्रकार आहे. धनदांडगा कुंपण तोडून जातोच, अडतात ती गावातली गुरं. कंपन्यांना रोखायचं असेल तर कोड, नियमफाइली, चाचण्या, आपण लिहिलेली उदाहरणवाक्यं यांवर कडक कॉपीलेफ्ट लावा. तिथे कॉपीराइट खरा आहे आणि तो टिकतो.

युरोपाबद्दल थोडक्यात, कारण आपले बरेच स्वयंसेवक जर्मनी-नेदरलँड्समध्ये आहेत. युरोपीय संघाच्या १९९६ च्या निर्देशानुसार तिथे सर्जकता नसली तरी, माहिती गोळा करण्यात किंवा तपासण्यात मोठी गुंतवणूक केली असेल तर डेटाबेसवर पंधरा वर्षांचा वेगळा हक्क मिळतो. तो तिथल्या कर्त्यांना मिळतो, पुण्यातल्या माणसाला नाही. भारतात असा हक्कच नाही. म्हणजे म्युनिकमधल्या आपल्या मैत्रिणीने तीच तालुकायादी मेहनतीने जमवून तपासली, तर कदाचित तिच्याकडे तिथे हक्क असेल आणि इथे नसेल. अशा वेळी 'आमचा दावा नाही' एवढं वाक्य पुरत नाही, हक्क सोडल्याचं कागदावर लागतं. क्रिएटिव्ह कॉमन्स संस्थेचं सीसी शून्य हे हक्कसोडपत्र नेमकं त्यासाठी आहे. कॉपीराइट, डेटाबेस हक्क, जे काही असेल ते सोडलं, आणि कुठे सोडता येत नसेल तर तिथे बिनशर्त परवाना दिला, असं ते म्हणतं. विकिपीडियाच्या कुटुंबातल्या विकिडेटाची सगळी माहिती सीसी शून्यखाली आहे, त्यातले मराठी शब्दघटकही. आपल्या कायद्यातही कलम २१ खाली कर्त्याला जाहीर सूचना देऊन हक्क सोडता येतो. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट निबंधकाकडे अर्ज करायलाच हवा असं नाही.

सरकारी याद्यांचं वेगळं. गावांची, तालुक्यांची, पिनकोडांची माहिती सरकारच्या डेटा पोर्टलवरून घेतली असेल तर तिच्यासोबत २०१७ चा सरकारी मुक्त डेटा परवाना येतो. श्रेय द्या म्हणतो, ते द्या. ती यादी डाउनलोड करून, स्तंभांची नावं मराठीत करून वर स्वतःचा कॉपीराइट लावलेल्या फाइली मी पाहिल्या आहेत. त्याला काय म्हणावं ते मी लिहीत नाही.

करायचं काय, ते सांगतो. निव्वळ माहितीच्या फाइलीवरून परवान्याची लांबलचक पाटी काढा आणि तिथे एवढंच लिहा: 'या फाइलीतली माहिती वस्तुस्थितीची आहे. तिच्यावर या प्रकल्पाचा कोणताही कॉपीराइट दावा नाही. कुठे काही हक्क निर्माण होत असेल तर तो सीसी शून्य १.० नुसार सोडला आहे. प्रकल्पाच्या इतर फाइलींच्या परवान्यावर याचा परिणाम होत नाही.' माहिती कुठून आणि कधी घेतली तेही तिथेच नोंदवा. कायद्यासाठी नव्हे, चूक सापडली तर कुठे पाहायचं ते कळावं म्हणून. ज्यांना हे फार वाटतं त्यांनी पीसीआय आयडींसारखं 'हक्क फक्त निवडीपुरता आणि मांडणीपुरता' असं लिहावं. माहिती आणि नियम एकाच फाइलीत कालवलेले असतील तर आधी दोन फाइली करा. हे काम किचकट आहे, पण तेच महत्त्वाचं.

राहिला जुन्या योगदानकर्त्यांचा प्रश्न, जो अनेकांनी मला खाजगीत विचारला: दहा वर्षांपूर्वी पन्नास शब्द पाठवून गायब झालेल्या माणसाची परवानगी कशी आणायची? ओपनस्ट्रीटमॅप या स्वयंसेवकांच्या मुक्त नकाशाने २०१२ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्सकडून डेटाबेसच्या परवान्याकडे जाताना प्रत्येकाची संमती मागितली, आणि जिथे ती मिळाली नाही तिथले रस्ते नकाशावरून पुसले. तिथे नवा परवाना लावायचा होता आणि युरोपातला डेटाबेस हक्क होता, म्हणून ते करणं भाग होतं. आपल्याला निव्वळ याद्यांसाठी तसं करायची गरज मला दिसत नाही, कारण आपण कुणाच्या हक्काचा परवाना बदलत नसून मुळात नसलेला दावा मागे घेत आहोत. ग्नूच्या मेंटेनरांसाठीच्या सूचनांतही पंधराएक ओळींपर्यंतचा बदल कॉपीराइटच्या दृष्टीने नगण्य धरला आहे. नियमफाइलींचं तसं नाही. तिथे ज्यांनी गट आखले, नियम लिहिले, त्यांना शोधून विचारावंच लागेल, आणि कुणी नाही म्हणालं तर त्याचा भाग जुन्या परवान्याखाली तसाच ठेवावा लागेल. कमिटचा, म्हणजे फाइलींत कुणी काय बदललं त्याच्या नोंदींचा, इतिहास चाळून अशी नावं वेगळी काढायला मी तयार आहे. ज्यांना आपल्या रिपॉझिटरीसाठी ते हवं असेल त्यांनी तिथे एक इश्यू उघडून मला टॅग करावं.

आपला,
एक मराठी पॅकेजकर्ता